तात्पुरत्या रेषा

कैरो, ४ मे १९९४. गाझा पट्टी आणि जेरिको इथला कारभार पॅलेस्टिनींकडे सोपवण्याच्या करारावर सह्या व्हायच्या होत्या. योगायोगाने म्हणा किंवा ठरवून, यजमान, इजिप्तचे अध्यक्ष होस्नी मुबारक यांचा तो वाढदिवस होता. मंचावर इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन, परराष्ट्रमंत्री शिमॉन पेरेस आणि पॅलेस्टिनींचे नेते यासर अराफात. साक्षीला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री वॉरेन ख्रिस्तोफर आणि रशियाचे आंद्रेई कोझिरेव्ह. बाडं पुढे सरकली, सह्या होत गेल्या. आणि मग राबिन यांच्या लक्षात आलं की अराफात यांनी करारावर सही केलीय, पण सोबत जोडलेल्या नकाशांवर केलेली नाही. साऱ्या जगाचे कॅमेरे चालू असताना मंचावर कुजबुज सुरू झाली, हातवारे झाले, या टोकाकडून त्या टोकाकडे निरोपांची ये-जा झाली. शेवटी मंडळी पडद्याआड गेली, समजूत काढली गेली, आणि परत येऊन अराफात यांनी नकाशांवर सही केली.

भांडण जेरिकोचं होतं. आदल्या वर्षीच्या ओस्लो करारात 'जेरिकोचा परिसर' एवढंच म्हटलं होतं. परिसर म्हणजे केवढा, ते लिहिलंच नव्हतं. इस्रायलच्या लेखी ते शहर आणि भोवतालचा थोडा टापू. पॅलेस्टिनींच्या लेखी पूर्वीचा अख्खा जेरिको जिल्हा.

मी तेव्हा मे महिन्यात गावी आलो होतो, सिंधुदुर्गात. वडील भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती. बातम्यांत तो मंचावरचा गोंधळ दाखवला तेव्हा आंब्याची कोय चोखता चोखता ते म्हणाले, "नोंद घाला, नकाशावर सही करण्यास नकार. पंचांच्या सह्या घ्या आणि चला पुढे." आम्ही सगळे हसलो. त्यांच्या नोकरीत हे दर आठवड्याचं होतं. मोजणीला जायचं, लगतच्या कब्जेदारांना आधी नोटिसा गेलेल्या असायच्या, आणि काम संपल्यावर त्यातला एक जण हमखास म्हणायचा, मोजणी मान्य, नकाशा मान्य नाही.

वडिलांमुळे मला नकाशांची सवय लागली आणि इस्रायल-पॅलेस्टाईनच्या वाटाघाटींबद्दल जे वाचत आलो ते बहुतेक नकाशांच्या बाजूने वाचत आलो. भाषणं, हस्तांदोलनं, नोबेल पारितोषिकं यांत माझं मन फारसं रमत नाही. वडिलांच्या मोजणीच्या नकाशात एका जागेला दोन हद्दी निघू शकायच्या. एक अभिलेखातली, म्हणजे कागदावरची. दुसरी वहिवाटीची, म्हणजे प्रत्यक्षात नांगर जिथवर फिरतो ती. दोन्ही काढायच्या, वेगवेगळ्या दाखवायच्या, आणि खाली लिहायचं की इतकी जागा अमक्याच्या वहिवाटीत आढळून आली. दावा कोर्टात वर्षानुवर्षं चालतो तेव्हा लोक कागदावरच्या हद्दीवर भांडत बसतात. ज्याच्याकडे वहिवाट असते तो मधल्या काळात कुंपण घालतो, कलमं लावतो, विहीर पाडतो. वडील त्यामुळे नव्या गावात गेले की आधी वहिवाट बघायचे.

मुळात हा प्रदेश किती लहान आहे, हे आपल्याकडे कुणाच्या लक्षात राहत नाही. जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा जो पॅलेस्टिनी भाग, वेस्ट बँक, तो साडेपाच हजार चौरस किलोमीटरच्या थोडा वर. आमचा सिंधुदुर्ग जिल्हा ५,२०७. गाझा पट्टी ३६५ चौरस किलोमीटर. बृहन्मुंबई त्याहून दीडपटीच्या वर मोठी. एवढ्याशा जागेवर जगातल्या सगळ्या मोठ्या सत्तांनी नकाशे पसरले आणि प्रत्येकाने आपापली पेन्सिल चालवली.

पेन्सिलीचीच गोष्ट सांगतो. ज्या रेषेला आज 'हरित रेषा' म्हणतात, जी १९६७ च्या आधीची सीमा म्हणून प्रत्येक ठरावात येते, तिचा जेरुसलेममधला तुकडा ३० नोव्हेंबर १९४८ ला मुसरारा वस्तीतल्या एका ओसाड घरात काढला गेला. इस्रायलकडून मोशे दायान, जॉर्डनच्या अरब सैन्याकडून अब्दुल्ला अत्-तल. नकाशा एकास वीस हजार प्रमाणाचा. दायान यांनी आपल्या फौजांची आघाडी हिरव्या मेणपेन्सिलीने काढली, अत्-तल यांनी आपली लाल पेन्सिलीने. दोन रेषांच्या मधली जागा कुणाचीच नाही. हे तात्पुरतं होतं, युद्धबंदीपुरतं. पण मेणपेन्सिल जाड असते. रेषा तीन-चार मिलिमीटर रुंद उमटली. एकास वीस हजारात तीन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर साठ मीटर आणि चार म्हणजे ऐंशी. त्या रुंदीत घरं होती, गल्ल्या होत्या. रेषेची जाडी कुणाची, हा वाद पुढे खरोखर झाला. आणि १९४९ मध्ये ऱ्होड्स बेटावर जॉर्डनशी युद्धविरामाचा करार झाला तेव्हा हीच जाड रेषा त्यात जशीच्या तशी गेली. त्या करारात स्पष्ट लिहिलंय की या रेषेमुळे पुढच्या सीमांच्या निकालाला बाधा येणार नाही. आज पंच्याहत्तरहून जास्त वर्षं झाली, आणि पॅलेस्टिनी राष्ट्राची मागणी करणारा जो तो त्याच रेषेकडे बोट दाखवतो. वडिलांना मी हे फार उशिरा सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "टोक काढलेली पेन्सिल नव्हती का कुणाकडे?"

या साऱ्या इतिहासात एक गाव मात्र मला मनापासून आवडतं. बत्तीर. जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला, डोंगरउतारावर दगडी बांधांची पायऱ्यापायऱ्यांची शेती आणि रोमन काळापासूनचं पाटाचं पाणी. झऱ्याचं पाणी गावातल्या आठ कुळांत पाळीने वाटलं जातं, रोज एका कुळाची पाळी, म्हणून बत्तीरमधला आठवडा आठ दिवसांचा असतो असं म्हणतात. गावाखालून जाफा-जेरुसलेम रेल्वे जाते. १९४९ मध्ये ही रेल्वे इस्रायलला हवी होती, आणि रेषा गावाच्या जमिनीतून गेली. युद्धात बरेच लोक पळून गेले होते. गावात सांगतात की हसन मुस्तफा नावाच्या शिकलेल्या गावकऱ्याने रिकाम्या घरांत दिवे लावायला लावले, दोऱ्यांवर कपडे वाळत घालायला लावले, गाव भरलेलं दिसावं म्हणून. मग त्याने दायान यांच्याशी बोलणी केली. ठरलं ते असं: रेल्वेला गावाकडून उपद्रव होणार नाही, आणि गावकरी रेषेपलीकडची आपली शेतं कसत राहतील. हे दोन्ही बाजूंनी पाळलं गेलं, युद्धं आली गेली तरी.

पुढे २००२ नंतर इस्रायलने जी भिंत बांधायला घेतली, ती बत्तीरच्या बांधांवरून जाणार होती. २०१४ मध्ये युनेस्कोने त्या शेतीला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. कोर्टात भिंतीच्या विरोधात गावकऱ्यांच्या बाजूने इस्रायलचंच निसर्ग आणि उद्यान प्राधिकरण बोललं, आणि २०१५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तिथलं काम थांबवलं. मोठ्या परिषदांवर खंडच्या खंड लिहिले गेलेत आणि बत्तीर तळटीपेत असतं. माझ्या मते उलट हवं होतं. इथे बोलणी करणारा माणूस त्याच बांधावर राहत होता, त्यामुळे रेषेइतकाच त्याला पाण्याचा नि वाटेचा विचार करावा लागला.

ओस्लोकडे येऊ. जानेवारी १९९३ मध्ये नॉर्वेतल्या सार्प्सबोर्ग गावाजवळ बोरेगार्ड नावाच्या हवेलीत पहिली बैठक झाली. इस्रायलकडून याइर हिर्शफेल्ड आणि रॉन पुंडाक हे दोन अभ्यासक, सरकारी पद कुणाकडेच नाही, म्हणजे उद्या गवगवा झालाच तर हात झटकायला सोपं. पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेकडून अहमद कुरेई, ज्यांना सगळे अबू अला म्हणत, आणि त्यांचे दोन सहकारी. यजमान तेर्ये रोड-लार्सन, एका संशोधन संस्थेचे प्रमुख. त्यांच्या पत्नी मोना यूल परराष्ट्र खात्यात. संघटनेशी संपर्क ठेवणं हा गुन्हा ठरवणारा कायदा इस्रायलच्या संसदेने आदल्याच दिवशी रद्द केला होता. रोड-लार्सन यांची रीत अशी की आपण खोलीत बसायचं नाही, पण जेवायला सगळ्यांनी एकाच टेबलाशी यायचं. पाहुण्यांनी लाकडाच्या शेकोटीसमोर बसावं, जंगलात फिरावं, पोराबाळांबद्दल बोलावं. मागचं उगाळायचं नाही असंही ठरलं.

त्याच दिवसांत मुंबई जळत होती. जानेवारीतली दंगल विझत आली होती, मार्चमध्ये स्फोट झाले. मी तेव्हा मुंबईत नोकरीला लागलो होतो. त्या वर्षी १३ सप्टेंबरला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर क्लिंटन यांनी दोघांना जवळ आणलं आणि राबिन यांनी किंचित अवघडून हात पुढे केला, तो क्षण आम्ही लॉजिंगच्या खाली इराण्याच्या हॉटेलात उभे राहून पाहिला. कुणीतरी टाळी वाजवली. तिथल्या कुणालाही जेरुसलेमचं फार काही पडलं नव्हतं. त्या वर्षात आम्ही जे पाहिलं होतं त्यानंतर दोन वैरी हात मिळवताहेत, एवढं पुरेसं होतं. म्हणून ओस्लोला सरसकट फसवणूक म्हणणाऱ्यांत मी नाही. ९ सप्टेंबरच्या पत्रांत संघटनेने इस्रायलचा शांततेत नि सुरक्षित जगण्याचा हक्क मान्य केला, इस्रायलने संघटनेला पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. त्याआधी हे दोघं एकमेकांचं नावही घ्यायला तयार नव्हते. तरी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली की एक पारडं खाली जातं. एकाने दुसऱ्याच्या राष्ट्राला मान्यता दिली. दुसऱ्याने पहिल्याच्या वकिलाला.

ओस्लोत नकाशा नव्हताच. पॅलेस्टिनी चमूकडे आपले स्वतःचे तपशीलवार नकाशे नव्हते, कायदा जाणणारा माणूस फार उशिरा आला. इस्रायलने मात्र जूनपासून जोएल सिंगर यांना आणलं. लष्कराच्या आंतरराष्ट्रीय कायदा विभागात उमेदवारी झालेले, एकेका शब्दावर तासभर घालवू शकणारे. शेवटी शेवटी तर पेरेस स्टॉकहोममध्ये, अराफात ट्युनिसमध्ये, आणि मधे नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री योहान योर्गन होल्स्ट रात्रभर फोनवर, असा मसुदा पुरा झाला. त्यात पाच विषय पुढे ढकलले: जेरुसलेम, निर्वासित, पॅलेस्टिनी भागात इस्रायलने वसवलेल्या ज्यू वसाहती, सुरक्षा, सीमा. म्हणजे सगळंच. पाच वर्षांचा अंतरिम काळ, त्यातल्या तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत अंतिम बोलणी सुरू. आधी विश्वास वाढवू, मग अवघड प्रश्न घेऊ, हा त्यामागचा विचार. वाईट विचार नव्हता. पण मधल्या काळात वहिवाट कुणाची, हे कलम त्यात नव्हतं.

हे कुणाला दिसलं नव्हतं असं नाही. माद्रिदच्या १९९१ च्या परिषदेपासून वॉशिंग्टनमध्ये उघड वाटाघाटी चालल्या होत्या, तिथल्या पॅलेस्टिनी चमूचे प्रमुख हैदर अब्दुल शफी, गाझाचे वयस्कर डॉक्टर, एकाच गोष्टीवर अडून बसले होते: वसाहतींचं बांधकाम थांबवा, मग पुढचं बोलू. त्यांच्या हट्टामुळे वॉशिंग्टनची बोलणी हलेनात. अराफात यांनी ओस्लोत मागल्या दाराने बोलणी केली ती त्यांना अंधारात ठेवून, आणि ओस्लोच्या मसुद्यात बांधकाम थांबवण्याचा शब्द नाही. कवी महमूद दरवीश यांनी संघटनेच्या कार्यकारिणीचा राजीनामा दिला. पॅलेस्टिनी-अमेरिकी विचारवंत एडवर्ड सईद यांनी त्याला पॅलेस्टिनींचं व्हर्साय म्हटलं, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर हरलेल्या जर्मनीवर लादला तसा तह. त्या वेळी हे दोघं जरा जास्तच कडवट वाटले होते.

नॉर्वेच्या इतिहासकार हिल्डे हेन्रिक्सन वागे यांनी नंतर त्यांच्या परराष्ट्र खात्याचं दफ्तर धुंडाळलं. जानेवारी ते सप्टेंबर १९९३ या काळातला या वाटाघाटींचा एकही कागद तिथे नव्हता. इतक्या मोठ्या कराराची फाइलच दफ्तरात नाही! त्यांचा निष्कर्ष असा की दुबळा मध्यस्थ बलवान पक्षाच्या कलानेच चालतो, कारण खेळ चालू ठेवायचा तर दुसरा मार्ग त्याच्याकडे नसतो. मला हे पटतं. शेकोटी, जेवणं, मैत्री यांनी माणसं मऊ होतात. अबू अला आणि नंतर इस्रायलच्या चमूचे प्रमुख झालेले उरी सवीर यांची मैत्री तर खरोखर टिकली. त्या मैत्रीने जेरिको मात्र मोठं झालं नाही.

खरा नकाशा आला तो १९९५ मध्ये, इजिप्तमधल्या ताबाच्या हॉटेलात. दुसऱ्या ओस्लो कराराचा. तीनशेहून अधिक पानं आणि त्यासोबत वेस्ट बँकेचा तुकड्यातुकड्यांचा नकाशा: 'अ' क्षेत्रात कारभार आणि पोलीस दोन्ही पॅलेस्टिनींचे, 'ब' मध्ये कारभार त्यांचा पण सुरक्षा इस्रायलची, 'क' मध्ये दोन्ही इस्रायलचं. सवीर यांनी लिहून ठेवलंय की हा नकाशा पहिल्यांदा पाहिल्यावर अराफात भडकून उठले आणि चालते झाले. मग परत आले. सुरुवातीला 'क' क्षेत्र सत्तर टक्क्यांच्या वर होतं. टप्प्याटप्प्याने माघार होत ते २००० मध्ये साधारण साठ टक्क्यांवर आलं आणि तिथेच थांबलं. 'अ' आणि 'ब' ची बेटं झाली, बेत्सेलेम या इस्रायली संस्थेच्या मोजणीत १६५. त्या बेटांभोवतीचा समुद्र म्हणजे 'क' क्षेत्र. तिथे वसाहती, वसाहतींना जाणारे वळणरस्ते, लष्कराच्या राखीव जागा, आणि पॅलेस्टिनी शेतकऱ्याला गोठा बांधायला लागणारा परवाना जो क्वचितच मिळतो.

इस्रायली संसदेत हा करार ६१ विरुद्ध ५९ मतांनी तरला. त्या चर्चेत राबिन म्हणाले होते की पॅलेस्टिनींना जे मिळेल ते राष्ट्राहून कमी असेल. त्यांना आज शांतिदूत म्हणून आठवणारे हे वाक्य सोडून देतात. महिनाभरात, ४ नोव्हेंबर १९९५ ला, तेल अवीवच्या चौकातल्या शांतिसभेनंतर यिगाल आमिर या ज्यू तरुणाने त्यांना गोळ्या घातल्या. इतकी जमीन देणंदेखील त्याला पाप वाटलं होतं.

इस्रायली माणसाला त्या काळात काय दिसत होतं, ते मला एका पत्रातून कळलं. वडिलांच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याची बहीण, रेवदंड्याकडच्या बेने इस्रायल कुटुंबातली, लग्नानंतर अश्दोदला गेलेली. मराठीत पत्रं लिहायची, बारीक गिचमिड अक्षरात, त्यात मसाल्यांच्या याद्या असायच्या. १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नऊ दिवसांत चार आत्मघातकी हल्ले झाले, जेरुसलेमच्या एकाच क्रमांकाच्या बसमध्ये दोनदा, शिवाय अश्कलोन आणि तेल अवीव. मेलेल्यांचा आकडा साठच्या घरात. त्यानंतरच्या पत्रात तिने लिहिलं होतं की मुलांना बसने पाठवत नाही, पुढची बस दिसली की मागची गाडी अंतर ठेवून थांबते, आणि ज्यांनी हात मिळवले त्यांना बसने जावं लागत नाही. मेमधल्या निवडणुकीत तिने कुणाला मत दिलं ते लिहिलं नव्हतं. नेतान्याहू एका टक्क्याहूनही कमी फरकाने निवडून आले. तिच्यासारख्या किती जणांची मतं त्यात होती कोण जाणे.

दोन्हीकडच्या ज्यांना हा नकाशा नको होता त्यांनी मधला काळ बरोबर ओळखला. हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत बारुख गोल्डस्टीनने २५ फेब्रुवारी १९९४ ला नमाज पढणारे २९ जण मारले, तेव्हा गाझा-जेरिकोची बोलणी चालू होती. एप्रिलमध्ये अफुला आणि हदेरामध्ये हमासचे हल्ले झाले, कैरोच्या सह्या महिन्यावर असताना. प्रत्येक टप्प्याच्या आधी एक स्फोट, प्रत्येक स्फोटानंतर एक नाकाबंदी, आणि माघारीची तारीख पुढे. राबिन एकदा म्हणालेच होते की कुठलीही तारीख पवित्र नसते. बांधकामाला मात्र कुणाच्या तारखेची गरज नव्हती. १९९३ मध्ये पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकेत एक लाख दहा हजारांच्या आसपास वसाहतवासी होते. आज पाच लाखांच्या वर आहेत. पूर्व जेरुसलेममधल्या ओरिएंट हाउस या संघटनेच्या कचेरीत बसून पॅलेस्टिनी नकाशातज्ज्ञ खलील तुफकजी हे सगळं वर्षानुवर्षं नकाशावर चढवत होते, टेकडीनंतर टेकडी. २००१ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलने ओरिएंट हाउसलाच कुलूप घातलं.

अंतरिम काळ ४ मे १९९९ ला संपला. अराफात त्या दिवशी राष्ट्राची घोषणा करणार अशी हवा होती. ती पुढे ढकलली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चौक्यांवर तेच नाके, तेच पास, तेच अ-ब-क. करार संपला होता आणि त्याचा तात्पुरता नकाशा चालू राहिला. आजही त्याच्यावरच रामल्लातल्या माणसाचं पाणी, घर, रस्ता ठरतो. आर्थिक बाजूही तशीच: १९९४ च्या पॅरिस करारानुसार पॅलेस्टिनींची आयात-जकात इस्रायल गोळा करतं, तीन टक्के हाताळणी कापून पुढे पाठवतं, आणि राग आला की अडवून धरतं.

२००० च्या, अमेरिकेतल्या कॅम्प डेव्हिडच्या शिखर बैठकीबद्दल सगळ्यांनी इतकं लिहिलंय की मी सोडून देतो. इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान एहूद बराक यांनी आधीच्या कुणाहूनही जास्त देऊ केलं हे खरं, आणि पॅलेस्टिनींच्या दृष्टीने ते पुरेसं नव्हतं हेही खरं. दोन्ही वाक्यं एका दमात म्हणायला लोक कचरतात. डिसेंबरात क्लिंटन यांनी आपले निकष वाचून दाखवले, जानेवारी २००१ मध्ये ताबाला दोघं खूप जवळ आले, तोवर क्लिंटन गेले होते, बराक जायच्या बेतात होते आणि रस्त्यावर दुसरा उठाव पेटला होता.

२००८ चं मात्र सांगायलाच हवं. १६ सप्टेंबरला जेरुसलेमच्या आपल्या निवासस्थानी इस्रायलचे पंतप्रधान एहूद ओल्मर्ट यांनी पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांच्यासमोर एक मोठा नकाशा उलगडला. मोठ्या वसाहतींचे पट्टे इस्रायलला, बदल्यात इस्रायलमधली जवळपास तितकी जमीन पॅलेस्टाईनला, गाझा आणि वेस्ट बँक जोडणारा मार्ग, जेरुसलेमची जुनी नगरी पाच देशांच्या विश्वस्तमंडळाकडे. इतका तपशीलवार नकाशा आजवर कुठल्याही इस्रायली पंतप्रधानाने समोर ठेवला नव्हता. ओल्मर्ट म्हणाले, सही करा. अब्बास म्हणाले, प्रत द्या, माझ्या नकाशातज्ज्ञांना दाखवतो. ओल्मर्ट म्हणाले, सहीशिवाय प्रत नाही. अब्बास परतले आणि डोळ्यांत ठेवलेला नकाशा त्यांनी आठवणीतून हाताने कागदावर रेखाटला. नकाशासाठी ठरलेली पुढची बैठक झालीच नाही. ओल्मर्ट यांच्यावर भ्रष्टाचाराची चौकशी चालू होती, राजीनाम्याची घोषणा त्यांनी आधीच केली होती. वर्षअखेरीस गाझात युद्ध सुरू झालं.

अब्बास यांनी तिथेच सही करायला हवी होती, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. ओल्मर्ट स्वतः त्यांतले. जाणाऱ्या पंतप्रधानाची सही पुढच्याने मानली असती का, हा प्रश्न ते घेत नाहीत. माझं मत बनलंय ते मोजणीदाराच्या मुलाचं आहे: मोजणी झाली की अर्जदाराला नकाशाची 'क' प्रत मिळते, तो ती वकिलाला दाखवतो, भावाला दाखवतो, अपील करतो. नकाशा दाखवायचा आणि प्रत द्यायची नाही, यात देणाऱ्याला स्वतःच्या घरच्या विरोधाची धास्ती किती होती तेच दिसतं. आणि अब्बास यांच्या बाजूनेही, इतक्या वर्षांत आपल्या बाजूचा पुरा, शेवटचा, सहीसाठी तयार नकाशा त्यांनी टेबलावर ठेवला नाही, हेही म्हटलंच पाहिजे.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये घुसून सुमारे बाराशे माणसं मारली, अडीचशे ओलीस नेली. त्यानंतरच्या दोन वर्षांत गाझात ६७ हजारांच्या वर माणसं मेली, असं तिथलं आरोग्य खातं सांगतं. शहरंच्या शहरं ढिगारे झाली. अश्दोदची ती बाई आता ऐंशीच्या पुढे आहे, तिचा नातू राखीव दलात होता. सहकाऱ्याच्या घरून कळतं तेवढंच.

१० ऑक्टोबर २०२५ पासून युद्धविराम आहे म्हणतात, आणि त्याच्यासोबत नवा नकाशा आला. त्यात माघारीच्या रेषा आहेत. पहिली पिवळी. इस्रायली फौज या रेषेमागे थांबली, तरी गाझाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग, साधारण ५३ टक्के, तिच्याच ताब्यात राहिला. रेषा जमिनीवर दिसावी म्हणून पिवळे रंगवलेले काँक्रीटचे ठोकळे ठेवले गेले. काही ठिकाणी ते नकाशातल्या रेषेच्या शेकडो मीटर पुढे ठेवलेत, हे उपग्रहचित्रं जुळवून बातमीदारांनी दाखवलं. ठोकळे नव्हते तिथे रेषा कुठे आहे ते न कळल्याने आपल्या पडक्या घराकडे निघालेली माणसं गोळीला बळी पडली. पिवळीच्या मागे दुसरी रेषा लाल, आणि त्याही मागे सुरक्षेचा पट्टा. पिवळीवरून लालवर कधी जायचं, हे हमास शस्त्रं केव्हा आणि कशी खाली ठेवतो त्यावर, निकष पुरे होण्यावर, पाहणीवर ठेवलंय. मी तो नकाशा मोठा करून पाहिला. रंगांची सूची आहे, प्रमाण आहे. तारीख एकाही रेषेपुढे लिहिलेली नाही.